माझा आवाज कोणाच्याही नावे नाही

मी, कल्याण रखमाजी उढाण, वय एकोणपन्नास, धंदा शेती, राहणार वडीगोद्री, तालुका अंबड, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. रागही शाबूत आहे. वकीलसाहेब म्हणाले, रागाचा उल्लेख नको, उद्या कोणी म्हणेल रागाच्या भरात लिहिले. परंतु हा राग भरातला नाही. तो माझ्यासोबत जेवतो, झोपतो, म्हणून त्याची नोंद केली. माझ्यावर कोणाचा दाब नाही. एका कंपनीने टाकून पाहिला, तो मी जुमानलेला नाही. त्याचा खुलासा पुढे आहे.

माझ्या घशात गाठ आहे. स्वरयंत्र काढून टाकावे लागेल असे संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितले. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया आहे. पांडुरंगाच्या मनात असेल तर मी त्यातून उठेन, मात्र बोलणार नाही. म्हणून बोलायचे ते आधीच कागदावर ठेवतो.

एक. राहते घर माझी पत्नी शालू हिच्या नावे. घराची पूर्वेकडची भिंत चुलत्यांनी बांधताना आमच्या बाजूला सरकवली होती. ती मी माफ केली आहे, विसरलेलो नाही. भिंत तशीच राहू द्यावी.

दोन. माझ्या वाटणीला आलेली जमीन, मोसंबीची बाग आणि कापसाचे रान, मुलगी रूपाली हिला. ती परतूरला शाळेत शिकवते. मुलीला जमीन कशाला, असे जे म्हणतील त्यांना या मृत्युपत्रात दुसरे काही मिळणार नाही. तिने जमीन कसावी किंवा विकावी, तिची मर्जी. परंतु सल्ला जिवंत माणसाचा घ्यावा, ज्याला चुकल्यावर दारात जाऊन विचारता येईल अशा माणसाचा.

तीन. माझ्या विहिरीचे पाणी, मी असो वा नसो, माझे चुलत बंधू साहेबराव यांच्या नव्या रोपांना आमच्या बागेच्या बरोबरीने द्यावे. साहेबरावदादा माझ्याशी बोलत नाही. तरी द्यावे. कारण लिहितो.

आमच्या देवळाच्या माईकवरून पुष्कळ वर्षे मीच बोलत आलो. कोणाचे मयत, नळाचे पाणी, लसीकरण, हरवलेली म्हैस. श्रावणात पोथीही मीच वाचतो. माझा आवाज आला की लोक हातातले काम थांबवतात. ही गोष्ट ‘मातीबोल’ कंपनीला कळली. ही कंपनी शेतकऱ्यांना फोनवर सल्ला देते आणि तो सल्ला यंत्र तयार करते. कंपनीची माणसे आली, देवळात बसून माझ्याकडून पानेच्या पाने वाचून घेतली, शाल-श्रीफळ दिले. “काका, तुमच्या आवाजात हवामानाचा अंदाज सांगू,” म्हणाली. मी सही दिली ती पावसाच्या अंदाजासाठी. पुढे यंत्र माझा आवाज शिकले आणि मी कधी न उच्चारलेली वाक्ये माझ्या आवाजात बोलू लागले.

मोसंबीला बहार धरायचा, म्हणजे फुलोरा आणायचा, तर आधी पाणी तोडून झाडाला ताण देतात. काळ्या जमिनीत झाड ताण जास्त सोसते, मुरमाड रानात पाणी लवकर सोडावे लागते. इथे हे सगळ्यांना ठाऊक आहे, दादालाही. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच्या मुरमाड रानात पाने वळू लागली. वहिनी म्हणाल्या, “अवं, ठिबक सोडा आता, झाडं मान टाकून राह्यलेत.” तेवढ्यात कंपनीच्या यंत्राचा फोन आला. “साहेबरावदादा, अजून पाणी सोडू नका. ताण राहू द्या.” नाव घेऊन, दादा म्हणून, माझ्या आवाजात.

दादाला वाटले मीच फोन केला. तो वहिनींना म्हणाला, “कल्याण सोता सांगून राह्यला. त्यो काय माझं वाईट चिंतील?”

मी बांधापलीकडेच होतो. त्याने मला विचारले नाही, कारण भावाने फोनवर सांगितलेले पुन्हा तोंडावर विचारणे म्हणजे अविश्वास, असे आमच्यात मानतात. मीही वळलेली पाने पाहिली आणि मोठ्या भावाला बागाईत काय शिकवायची म्हणून गप्प बसलो. आम्ही दोघे मान राखून गप्प राहिलो आणि मधल्या मधे कंपनी बोलत राहिली. दादाचे शेततळे अर्धे भरलेले होते. पाणी होते आणि बाग तहानेने मेली.

मग हायवेवरच्या टपरीवर दादा सगळ्यांसमोर म्हणाला, “सोताची हिरवी ठेवली, आमची वाळवली. आन् वर पोथी वाचतंय!”

“दादा, त्यो मी न्हवतो.”

“मंग कोन व्हता? तुझं भूत?”

टपरीवाला कचरू ग्लास धुता धुता म्हणाला, “कल्याणराव, च्या तुम्ही सांगितला का तुमच्या यंत्रानं?” लोक हसले. मी चहा न पिता उठलो. माझ्या दहाव्याला चहाचे काम कचरूला देऊ नये. हे कलमाचाच भाग समजावे.

चार. मी अंबडच्या कोर्टात कंपनीवर दावा लावला आहे. मागणी एवढीच की माझा आवाज बंद करा, आणि ज्यांना ज्यांना त्या आवाजात फोन केले त्यांना खरे सांगा. कंपनीने लेखी उत्तर दिले. सल्ला यंत्राने तयार केला, कंपनीतील कोणत्याही व्यक्तीने दिलेला नाही. स्वतःच्या जबाबदारीवर वापरावा अशी सूचना पडद्यावर होती. सूचना होती, खरे आहे. इंग्रजीत होती आणि मुंगीएवढ्या अक्षरात होती.

मी कायदा शिकलेलो नाही. पण आमच्या गावात कोंडवाडा आहे. माझा बैल दुसऱ्याच्या ज्वारीत शिरला तर बैल कोंडवाड्यात जातो आणि भरपाई मला द्यावी लागते. निर्णय बैलाने घेतला, मालकाच्या घरातील कोणत्याही व्यक्तीने घेतलेला नाही, असे मी म्हणालो तर ग्रामपंचायत मला वेड्यात काढील. आणि यंत्रच बोलत होते तर यंत्राच्या आवाजात बोलायचे होते. माझा का घेतला? यंत्राचे कोणी ऐकले नसते म्हणून घेतला. विश्वास माझा वापरायचा आणि जबाबदारीची वेळ आली की घरात कोणीच नाही म्हणायचे! ज्या आवाजात मी देवाचे नाव घेतले त्याच आवाजात झाडे मारली, याचा राग मला कोर्टाच्या तारखांनी विझवता येत नाही. तारखा मात्र भरपूर मिळतात.

पेपरात वाचतो, अशा कंपन्यांचे साहेब मोठ्या हॉलमध्ये जबाबदार तंत्रज्ञानावर भाषणे देतात. नवा कायदा झाला आहे. आपण मेल्यावर किंवा असमर्थ झाल्यावर आपल्या खासगी माहितीचे हक्क कोणी बजावायचे, तो माणूस त्यात आधीच नेमून ठेवता येतो, असे वकीलसाहेब सांगतात. तो पूर्ण लागू व्हायला अवकाश आहे, असेही तेच सांगतात. माझी गाठ कायद्यासाठी थांबलेली नाही. तरी मी रूपालीला नेमतो. दावा तिने चालवावा. तडजोड करायची तर पैसे घेऊन करू नये. कंपनीच्या सर्वांत मोठ्या साहेबाने साहेबरावदादाला फोन करावा आणि स्वतःच्या आवाजात सांगावे की तो कल्याण नव्हता, आम्ही होतो. त्या दिवशी दावा मागे घ्यावा, आधी नाही.

पाच. माझा आवाज. तो मी कोणालाही देत नाही, विकत नाही, भाड्याने देत नाही. माझ्या मागे देवळात, शाळेत, फोनवर, कोणत्याही चांगल्या कामासाठीसुद्धा तो यंत्रातून काढू नये. माईकवर ज्याला बोलता येईल त्याने बोलावे, अडखळत बोलला तरी चालेल.

हे कलम घालणे सोपे नव्हते. शस्त्रक्रियेची बातमी लागताच कंपनीचा एक तरुण अधिकारी घरी आला होता. पाया पडला. म्हणाला, “काका, आवाज गेला तरी आम्ही परत देऊ. तुम्ही फोनवर लिहायचं, फोन तुमच्याच आवाजात बोलणार. जन्मभर फुकट.” आणि पिशवीतून दावा मागे घेण्याचा कागद काढला.

शालू चुलीपाशी होती. पदर तोंडाला लावून उभी राहिली. अधिकारी गेल्यावर म्हणाली, “घ्या ना. मला तुमचा आवाज ऐकाया भेटंल.”

“त्यो माझा नसल, शालू.”

“मला काय करायचं कोनाचा हाय त्याचं? ऐकू तर यील.”

तिचे खोटे नाही. तो कागद माझ्यापुढे होता आणि पेनही होते. सही केली असती तर माझ्या घरात माझा आवाज राहिला असता, आणि दादाच्या लेखी तो फोन करणारा कायमचा मीच ठरलो असतो. उद्या त्याच आवाजात आणखी कोणाच्या बागेला, दुखण्याला, पोरीच्या लग्नाला सल्ला गेला असता. मी कागद फाडला. नामस्मरणाला आवाज लागत नाही, माझे तेवढ्यावर भागेल. पण शालूचे कसे भागावे, याचे उत्तर देवाने अजून मला दिलेले नाही.

शालूला हे कलम पटलेले नाही. ते तसे इथे लिहावे असे तिचे म्हणणे पडले, म्हणून लिहिले. काल तिला सगळे वाचून दाखवले तेव्हा तिने एकच विचारले, “मंग मला हाक कशी मारताल?”

मी म्हटले, “कडी वाजवीन.”

“आन् म्या मागच्या दारी असले तर?”

“तर तिथं येईन.”

“तुम्ही?” ती म्हणाली. “इतकी वर्षं जागेवरूनच वरडता. एकदा तरी उठून आले का?”

सहा. म्हणून शेवटचे कलम. हे मरणानंतर नाही, शस्त्रक्रियेच्या दिवसापासून लागू. शालूशी काही बोलायचे असेल तर मी जागेवरून उठून, ती असेल तिथे जाऊन, तिच्यासमोर उभा राहीन.

सही: कल्याण रखमाजी उढाण

वरील मजकूर कल्याणराव यांनी आमच्या देखत स्वतः वाचला व सही केली. आवाज बसलेला होता. मध्ये दोनदा पाणी घ्यावे लागले.

साक्षीदार: तातेराव निवृत्ती गाढे, वडीगोद्री (सही)
साक्षीदार: कांताबाई पुंजाराम खरात, वडीगोद्री (सही)

ठिकाण: अंबड
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६