झालं तुझं काम

५ नोव्हेंबर
पोचले एकदाची वरवट बकालला. उंद्रीहून तीन गाड्या बदलल्या, शेवटच्या काळीपिवळीत कापसाच्या गाठोड्यावर बसून आले, तरी मन खूष आहे. जुन्या जिनिंगचं ऑफिस भाड्याने घेतलंय. पुढे तपासणीची खोली, मधे कुलूपबंद स्टोअर, मागे माझी खोली. दारातच नळ आहे, पण पाणी खारट, चहा तोंडात धरवत नाही. हा सगळा खारपाण पट्टा, आणि त्याचाच तर अभ्यास आहे. खारं पाणी पिणाऱ्या बायकांच्या वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, बाळाला रक्त नीट पोचतं का, आणि इथली बाळं हलकी काऊन होतात.

प्रमुख आहेत शिवम सर, पुण्याचे डॉक्टर. माझं बोलणं ऐकून हसले आणि गावरान गोडवा आहे म्हणाले. डोकं तापलं, पण पहिलाच दिवस, गिळलं. मला पाचवा महिना संपत आलाय हे मुलाखतीत लपवलं होतं, ते आज सांगून टाकलं. हरकत नाही म्हणाले.

नोकरी कशासाठी घेतली ते इथे तरी खरं लिहिते. पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. दर तपासणीला सगळं नॉर्मल म्हणायचे. नंतर फाइल हातात आली तर तीन आठवड्यांपासून लिहिलेलं होतं, रक्तप्रवाह कमी. मी स्वतः नर्स, आणि मला कोणी तोंडाने सांगितलं नाही. तपासणाऱ्या त्या बाईला मी अजून भांडी घासताना शिव्या देते. इथे यंत्र आहे. या वेळी माझ्या बाळाचा आवाज रोज मीच ऐकणार.

९ नोव्हेंबर
कामात रुळले. यंत्र मुठीत मावेल एवढं. पोटावर जेल लावायचं, नाळेवर धरायचं, की रक्ताचा आवाज येतो. चित्र दिसत नाही, त्यामुळे सोबत आलेल्या सासवांचा हिरमोड होतो, आणि तो व्हावाच. आवाज ठोक्यागणिक चढतो, उतरतो, पण मधे पार थांबत नाही. थांबला तर समजायचं बाळ उपाशी आहे. उलटा फिरला तर दिवस मोजायचे.

माझ्या पोटातला आवाज एकदम भरदार. हर्षलला फोनवर ऐकवला. नवरा माझा कंपनीत मशीनवर, त्याला तो कंप्रेसरसारखा वाटला. बावळट.

१३ नोव्हेंबर
आज पंचफुलाबाई भेटल्या. जुन्या सुईणबाई, आता प्रोजेक्टच्या पगारावर. बाळंतपण झालं की त्या वार डब्यात घालून इथे आणतात. मी विचारलं, बायका देतात कशा? इकडे तर हिंदू असो की मुसलमान, वार घराजवळच पुरतात. म्हणाल्या, सरांनी कागदावर लिहून दिलंय की वजन करून इथेच मागे रीतीने पुरू.

मग रीत सांगितली. खड्ड्यात खडेमीठ टाकायचं, वर वार, वर दगड, आणि वारेला सांगायचं, झालं तुझं काम, झोप आता माय. सांगितलं नाही तर तिला कळतच नाही. ते काम करतच राहते, म्हणे. उठता उठता माझ्या पोटाकडे बघून बजावलं, "पोटुशीनं तिथं उभं राहू नोको." मी हसले. पोटुशीनं ग्रहणात विळी धरू नये, उंबऱ्यावर बसू नये, काय काय ऐकायचं!

१८ नोव्हेंबर
सरांनी वजनाची नोंदवही आणायला स्टोअरची किल्ली दिली. आत एकेचाळीस पांढऱ्या बादल्या. औषधाच्या पाण्यात एकेक वार, वर नंबर. एकही पुरलेली नाही.

तशीच पुढे गेले आणि विचारलं, कागदावर काय लिहिलंय आणि हे काय आहे? म्हणाले, पुढे तुकडे करून तपासायच्या आहेत, आणि गावात हे समजून सांगत बसायला वेळ कुणाला आहे? समजून सांगायला वेळ नाही, आणि सही घ्यायला आहे. मी बोलले तसं. ते म्हणाले, या अवस्थेत चिडू नका. माझ्या भिंतीपलीकडेच त्या बादल्या आहेत, आणि माझी उशी त्याच भिंतीला.

२० नोव्हेंबर
कौसरचा आवाज तुटतो. अजहर टेलरची बायको, आठवा महिना, हसरी पोरगी, पहिलंच. ठोका, मग काहीच नाही, मग ठोका. तीनदा बघितलं.

सरांना म्हटलं, हिला आजच अकोल्याला पाठवा. म्हणाले, आकडे बंद लिफाफ्यात जातात, आईला सांगितलं तर अभ्यास बिघडतो. मी म्हटलं, आणि पोर बिघडलं तर? त्यावर ते शांतपणे म्हणाले, नोकरी सोडायची तर सोडा, यंत्र ठेवून जा.

यंत्र ठेवून जा. त्याला माझी दुखरी नस बरोबर सापडली.

कौसरने विचारलं, सब बराबर है ना दीदी? मी हो म्हटलं.

२७ नोव्हेंबर
कौसरचं पोर गेलं. मुलगी होती. पंचफुलाबाईंनी डबा आणला, मी वजन केलं, बादलीवर ४२ लिहिलं. अजहर बाहेर उभा होता. त्याने एवढंच विचारलं की मशीन तर नीट चालत होतं ना. मी मान हलवली.

मी त्या फाइलवाल्या बाईपेक्षा वेगळी काय? तिला शिव्या द्यायचं तोंड राहिलं नाही मला.

३० नोव्हेंबर
भर दुपारी ऐकू आला. यंत्र टेबलावर चालू राहिलं होतं, तोंड स्टोअरच्या भिंतीकडे. भरदार, न तुटणारा. यंत्र फिरवलं की बंद, भिंतीकडे केलं की पुन्हा सुरू.

किल्ली आणली. बेचाळीसच्या बादलीला बाहेरून जेल लावून धरलं. जिवंत पोटात येतो तसा आवाज. कौसरच्या पोटात असायला हवा होता तो. मग एकेचाळीसला धरलं. मग चाळीसला. सगळ्या चालू आहेत. सगळ्या कामावर आहेत आणि पोसायला पोर नाही.

२ डिसेंबर
माझ्या पोटातला आवाज पातळ झालाय.

सरांना बादलीपाशी नेलं. त्यांनी ऐकलं, रंग उडाला. मग म्हणाले, बाहेरच्या मोटरचा गोंधळ असेल, आणि मीटिंग आहे सांगून संध्याकाळच्या आत पुण्याला निघून गेले. बाईमाणूस एकटी ठेवून पळाला. पळ बे, पळ.

३ डिसेंबर
शेगावला जाऊन आले. डॉक्टरणीने या वेळी तोंडावर सांगितलं, प्रवाह मधे तुटतोय, उद्याच अकोल्याला भरती व्हा. सांगितलं म्हणून मी तिच्यासमोर रडले. हर्षल दुपारपर्यंत गाडी घेऊन येतोय.

पण औषधाने काय होणार? परत आले, भिंतीला यंत्र धरलं. तिकडचे आवाज चढलेत. आणि माझ्या बाळाच्या ठोक्याशी ठोका जुळवून चाललेत. बेचाळीस जणींना एकच पोर सापडलंय, माझं. ओढतात —

रजिस्टर उघडलं. ज्या सहा जणींचे आकडे वाईट होते त्यांना फोन करून सगळं सांगितलं. दोघी लगेच निघाल्या. आधी का नाही केलं? का नाही —

४ डिसेंबर, सकाळ
उलटा. ठोक्यानंतर आवाज उलटा जातो.

पंचफुलाबाई लेकीच्या बाळंतपणाला वडनेर भोलजीला गेल्यात. फोन केला, आज त्या सगळ्या रीतीने पुरते म्हणून सांगितलं. घाबरल्या. "मी येऊन राह्यली, हात लावू नोको" म्हणाल्या आणि रेंज गेली. विटाळाच्या भीतीपायी मी थांबू? इथला आवाज त्यांना कुठे ऐकू येतोय?

अजहरला बोलावलं. सगळं सांगितलं. आवाज तुटत होता, मला माहीत होतं, मी खोटं बोलले. मारेल वाटलं. मारायला हवं होतं त्याने. त्याने फावडं घेतलं आणि मागे लांब चर खणू लागला.

अकरा वाजता
खडेमीठ टाकलं. बायकांचं काम म्हणून अजहर दूर जाऊन बसलाय. नंबर चुकू नये म्हणून वही कडेलाच ठेवलीय.

१. झालं तुझं काम, झोप आता माय. यंत्र धरलं — शांत.
२ शांत. ३ शांत. होतंय. खरंच होतंय.

मोठ्याने म्हणतेय. रागाने म्हणतेय. कुणी सांगितलंच नाही तुम्हाला. आम्हालाही नाही सांगितलं.

२० शांत. ३३. ४१.

४२. कौसरची. हिची माफी मागितली, मग म्हटलं.

सगळं शांत. अंगातला ताण उतरला, पोट हलकं —

पंचफुलाबाईंचा फोन. धापा टाकत होत्या. विचारलं, कोण म्हणालं, तू? म्हटलं, मीच. त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, पोटुशीला तिथं उभं काऊन राहू देत नाही, तिची पोटातली वारही ऐकते ना माय —

यंत्र लावलंय. जेल नीट आहे. बॅटरी आहे. डावीकडे नाही. उजवीकडे —

तुला नाही म्हटलं गं. तुला नाही. ऐक, तुझं काम अजून