गाणी पाच, अर्थ युवराजदादाचे

परंडा,
मंगळवार

तीर्थस्वरूप युवराजदादांना मामेभाऊ रणधीरचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (ठेवून म्हणजे आपटून.)

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची शुगर उतरली का? इकडं सगळे धडधाकट, म्हैस व्यालीय, रेडी झाली. पत्र लिहायचं एवढंच, की तुम्ही मला सत्तावीस वर्षं फसवलं.

आठवतंय का, अठ्ठ्याण्णव साली तुम्ही पुण्याहून इंग्रजी रॉकची कॅसेट आणली होती, कव्हरवर चार केसाळ माणसं गंजक्या होडीत बसलेली. (तेव्हा तुम्ही इंग्रजीत बी.ए. करत होता. तिसऱ्यांदा करत होता, हे आम्हाला मागनं कळलं.) ओट्यावर बसून तुम्ही एकेका गाण्याचा अर्थ सांगितला अन् म्या तो वहीत उतरवून घेतला. पुढं मंडप अन् साउंडचा धंदा टाकला, कॅसेटची पेनड्राइव्ह झाली, पण अल्बम तोच. तालुक्यात असं एक कार्य नसंल जिथं त्यातलं गाणं वाजलं न्हाय.

परवा रविवारी आपल्या वैष्णवीचा साखरपुडा झाला. (तुम्हाला सवड नव्हती, असो.) जावई कुलदीप तुळजापूरला कॉलेजात शिकवतो. काय शिकवतो, ते म्या विचारलं नव्हतं. नवरदेव गेटात आला तसं आपलं पहिलं गाणं दणक्यात लावलं. वहीत तुमचा अर्थ होता, वीर निघाला अन् सगळे दरवाजे त्याच्यासाठी उघडले. त्या गाण्यावर दोनशे नवरदेव आत घेतले असतील, एक अडला न्हाय. हा गेटातच थांबला. पाहुण्यांना वाटलं, बूट चावला. शेवटी त्याच्या बहिणीनं मागनं रेटला तेव्हा आत आला, अन् अंगठी घालताना वैष्णवीकडं असा बघत होता, जसं नापास व्हायची खात्री असलेलं पोरगं निकालाच्या बोर्डाकडं बघतंय.

संध्याकाळी त्याचा तिला फोन आला. म्हणाला, "तुम्हाला हे लग्न नको असेल तर सरळ सांगा. गाण्यातून कशाला?"

पोरीला काही उमजंना. मग त्यानंच सांगितलं, की ते गाणं बोहल्यावरून पळणाऱ्या माणसाचं आहे. गड्या, मागचं दार उघडं हाय, अजून वेळ हाय, सटक. (जावई इंग्रजी शिकवतो, दादा. इंग्रजी.)

पोरगी रात्रभर रडली. सकाळी तिनं मला दुकानात बसवलं, वही पुढं घेतली अन् अल्बम पहिल्यापासून लावला. दुसरं ते हळुवार गाणं, तुमच्या मते आईच्या मायेचं. सासूबाईंच्या एकसष्टीला तेच लावलं होतं, सगळा मांडव हुंदके देत होता. तर ते एका जुन्या मोटारीचं निघालं. चालू होत न्हाय, धूर सोडती, उद्या भंगारवाला घेऊन जाणार. (सासूबाईंनी ते दोनदा लावायला लावलं होतं.) तिसऱ्यात नुसती गिटार आहे. हे तरी कुठंबी वाजवायला चालंल म्हणून त्याला वैष्णवीनं पैकीच्या पैकी मार्क दिले. म्या म्हणलं, हे सैनिकानं बायकोला लिहिलेलं पत्र आहे. ती म्हणाली, "पप्पा, यात शब्दच नाहीत." म्या वही दाखवली. दीड पान अर्थ सांगितलाय तुम्ही.

चौथं म्हणजे मी लग्नाच्या पहिल्या वर्षी सोनालीला म्हणून दाखवायचो ते. तू माझा चंद्र. चंद्र न्हाय अन् चांदणीबी न्हाय, तो गडी तिच्या बहिणीचा पत्ता विचारतोय. सोनाली चहा घेऊन दारात उभी होती. तिला एकच बहीण, बार्शीला असती. चहा तसाच माघारी गेला. पाचवं ते रणगर्जनेचं, ज्याच्यावर आपण दोघं ओट्यावर मान हलवायचो. त्या माणसाचं कुत्रं हरवलंय अन् तो गल्लीगल्लीत हाका मारतोय. सत्तावीस वर्षं मी त्याच्यासंगं ओरडत होतो, अन् बिचारा कुत्रं हुडकत होता.

दुपारी एसटीनं तुळजापूर गाठलं. कुलदीप कॉलेजात, मास्तरांच्या खोलीत बसला होता. म्या वही पुढं ठेवली. पहिलं पान त्यानं सरळ तोंडानं वाचलं. दुसऱ्याला ओठ दाबले. सैनिकाच्या पत्राला आला तसं टेबलावर डोकं टेकलं. मला वाटलं, रडतोय. हसत होता. मग वही खोलीभर फिरली. मी कोपऱ्यात पाणी पीत बसलो, अन् इतकी अब्रू गेल्यावर माणसाला किती हलकं वाटतं ते तिथं कळलं. त्यानं तिथूनच वैष्णवीला फोन लावला. म्हणाला, "लग्न ठरल्या तारखेलाच. आहेर काही नको, फक्त ही वही द्या."

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा, तरीबी तुमचाच,
रणधीर

ता.क. लग्नाला दोन दिवस आधी या. अर्थ माझे न्हायत, तुमचे आहेत, हे सोनालीला पटत न्हाय. तिच्यापुढं उभं राहून तुमच्या तोंडानं कबूल करा. पाठीमागं मी असंन, लांब.

ता.क. दुसरा. त्या केसाळ लोकांनी पुढं आणखी एखादा अल्बम काढला असंल तर येताना आणा. अर्थ सांगू नका.