दानूचा गणिताचा पेपर

१० जुलै

दानू घरी येणार! पुण्याचं कॉलेज सोडून दुसऱ्या वर्षाला हितंच, सोलापुरात. माझा लेक मल्लप्पा कारखान्यातून आला आणि चप्पल काढायच्या आधी म्हणाला, "अव्वा, तुझ्या नातीचा बदलीचा फॉर्म भरला." इतका आनंद झाला की शेंगाच्या चटणीत दोनदा मीठ पडलं. पडू दे! वर्षभर पोरगी होस्टेलातनं फोनवर रडायची — "अज्जी, हितली भाकरी रबरासारखी हाय."

ही वही तिनंच दिली. "चौथी शिकलीस की, लिही रोज."

१४ जुलै

कसलं काय! दानूला घेऊन कॉलेजात गेले. ऑफिसातली बाई — चष्मा डोक्यावर, नजर कॉम्प्युटरात. "जागा दोन, अर्ज पाच. मार्कांवर यादी लागते. बाकी विषय छान आहेत, पण पहिल्या सेमिस्टरला गणितात काठावर पास. खाली जाणार हो नाव."

मी म्हणाले, "बाई, तीस वर्षं टॉवेलला शिलाई मारते. एक धागा सुटला की माल सेकंडात, खराब ढिगात टाकतात. पण ही पोरगी हाय, टॉवेल न्हाय!"

बाई हसली. दानूनं माझा पदर ओढला. बाहेर आल्यावर मीच तिच्यावर घसरले — पेपर अवघड होता म्हणून सांगायचं की! "न्हाय अज्जी, माझाच अभ्यास कमी पडला." विचारलं की तेच! सहा वर्षांची असताना माझ्या टॉवेलांचे डझन तोंडी जोडायची ही. त्या मास्तराचंच काही तरी चुकलंय.

१५ जुलै

गुडघा. कॉलेजाचे जिने लई.

१८ जुलै

परत गेले. मल्लप्पा म्हणतोय, "अव्वा, ऑफिसातली माणसं तुला बघून जेवायला उठतात." उठू देत. पेपर परत तपासा म्हणाले, तर त्याची मुदत कधीच संपली! मग दानूवरच चिडले, तवाच का न्हाय अर्ज केलास?

"तपासून काय मिळणार अज्जी? अर्धा पेपर कोराच होता. डोळे उघडत नव्हते."

कोरा! मोबाईल बघत बसली असशील, म्हणून लई बोलले. आमच्या वेळी पाटीसुद्धा कोरी ठेवायची हिंमत नव्हती. दानू माझ्या गुडघ्याला तेल लावत बसली.

२१ जुलै

यादी गुरुवारी. देव्हारा पुसला. सिद्धरामेश्वराच्या अक्षतांची पुडी तितंच हाय, जानेवारीतली. गड्ड्याच्या यात्रेला दानूनं यावं म्हणून मीच फोनवर अडून बसले होते — देवाच्या लग्नाच्या अक्षतेला आली न्हाईस तर तुझ्याशी बोलणारच न्हाय. आली की! काय गर्दी! अक्षता टाकल्या, उरलेल्या तिनं पर्समधल्या कागदात बांधून दिल्या. मग गड्ड्यात, जत्रेच्या मैदानात, मोठ्या पाळण्यात बसलो. मी भिऊन तिचा हात सोडला न्हाय, आणि खाली आल्यावर म्हणाले, अजून एक चक्कर! शेवटच्या एसटीनं उभ्यानं परत गेली बिचारी. म्हाताऱ्या माणसाला आणखी काय पायजे?

देवा, दोन जागांत एक तिला दे. मागं मोठं काही मागितलं न्हाय. (मल्लप्पाची नोकरी सोडून.)

२४ जुलै

तिसरी. जागा दोन. गणितात नुसते सात-आठ मार्क जास्त असते तर — त्या बाईनं सांगितलं. कशाला सांगितलं? आज ज्वारीचं पीठ पण नीट मळता आलं न्हाय.

२७ जुलै

दानू पुण्याला गेली. दहा कडक भाकरी, दोन डबे चटणी. निघताना डोक्यावर टाकायला देव्हाऱ्यातली पुडी सोडायला लागले, तर झटकन हातातनं घेतली आणि परत ठेवून दिली. "राहू दे अज्जी, नुसतं कुंकू लाव." मी चिडले. देवाच्या अक्षतेला नको म्हणतात का कुणी? गाडीत बसल्यावर पण तोंड फिरवलं मी.

२८ जुलै

पुडी सोडली. कागद इंग्रजी. मल्लप्पाकडनं वाचून घेतला. दानूच्या परीक्षेचं टाइमटेबल. गणित — पंधरा जानेवारी, सकाळी दहा.

पाळण्यात बसलो तो दिवस चौदा.