रुपयातले चोपन्न पैसे

१८ ऑक्टोबर २०१४

बाबांसोबत सरकारी पीक कापणी प्रयोगाला गेले. निवडणुकीच्या ड्युटीपासून त्यांची कंबर धरलीय, गाडीवर मागे वजनकाटा धरून बसायला कोणीतरी हवं होतं. घरात रिकामटेकडी मीच. तलाठ्याची मुलगी, बी.ए. अर्थशास्त्र, पहिला वर्ग — आणि काम काय, तर काटा सांभाळणे.

शेत तानुबाईंचं. सोयाबीन गुडघ्याच्याही खाली. दोरी लावून तुकडा आखला, कापला, मळला, तोलला. तानुबाई चहा घेऊन आल्या. ‘किती भरलं वं बाई?’ मी काट्यावरचा आकडा सांगितला. म्हणाल्या, ‘डोयानं दिसूनच राह्यलं होतं.’

पंचांनी कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या. नेहमीचंच — सह्या शेतात, आकडे घरी. बाबांनी गाडीला किक मारता मारता हिशेब केला. इथं आणि गावातल्या बाकी शेतांत मिळून, रुपयातले एकतीस पैसे पीक.

२० ऑक्टोबर

फॉर्म पक्के करायला बसले. आठवीपासून हे माझंच खातं. बाबांचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईतून चालून गेलेली. माझं मोत्यासारखं, म्हणून मी अडकले!

अर्ध्यात असताना बाबांना फोन आला. ‘हो साहेब’ सात वेळा. मग स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, ‘पन्नासच्या खाली कोनाचंच गाव जाऊन नाई राह्यलं. चोपन्न टाक.’

मी म्हटलं, पण एकतीस आले ना?

‘मले काय समजत नाई? टाक बेटा.’

टाकले. वजनही त्या हिशेबाने वाढवून लिहिलं. नंतर चकल्या तळायला आईच्या हाताखाली बसले.

२२ नोव्हेंबर

गाडगेनगरात जुबेरच्या नेट कॅफेत दोन तास. कॉलेजात मागच्या बाकावर झोपायचा, आता चार कॉम्प्युटरचा मालक आहे. त्याने बेंगळुरूच्या विद्यापीठाचा फॉर्म उघडून दिला. सार्वजनिक धोरण, एम.ए., दोन वर्षं. ‘सार्वजनिक काय?’ म्हणाला. सरकार जे ठरवतं ते कसं ठरवतं, त्याचा अभ्यास. ‘हे शिकायले तिकडं काहून जाऊन राह्यली? तुया घरीच सरकार आहे ना.’

निबंध हवाय — जवळून पाहिलेला एक धोरणाचा प्रश्न. मुदत दहा जानेवारी. बाबांचं म्हणणं, तलाठी भरतीचा क्लास लाव. मला सातबाऱ्याचा वासही आता नको झालाय. हा अर्ज गेला नाही तर जन्मभर हेच, आधी बाबांच्या वहीत आणि मग माझ्या.

२ डिसेंबर

शिक्षणावरचा निबंध फाडला. रटाळ. पैसेवारीवर लिहायला घेतलं आणि सरसर झालं! नेहमीचं पीक एक रुपया धरून गावात रुपयातले किती पैसे पीक आलं हे ठरतं. पन्नासच्या खाली गेलं तर गाव टंचाईत — वीजबिलात सूट, पोरांची परीक्षा फी माफ. वर राहिलं तर काही नाही. ‘एका गावात एकतीसचे चोपन्न करण्यात आले.’ वाचताना अंगावर काटा आला. स्वतःचंच कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

१४ डिसेंबर

अकोल्याला म्हसाळकर मॅडमकडे, शिफारसपत्रासाठी. बी.ए.ला शिकवायच्या, निवृत्त होऊन तिकडे गेल्या. मूर्तिजापूरला बस अर्धा तास उभी. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही.

मॅडमनी निबंध दोनदा वाचला. ‘करण्यात आले म्हणजे? कोणी केले?’

मी म्हटलं, यंत्रणेने.

‘यंत्रणा पेन धरते का बापा?’

चहा निवला. शेवटी सांगितलं. वाटलं, रागावतील. म्हणाल्या, ‘पत्र मी देते. पण त्यांनी विचारलंय जवळून पाहिलेलं. तू तर लांब उभी राहून लिहिलंस.’

परतीच्या बसमध्ये रडू आलं. खरं लिहावं तर बाबा अडकतात, नाही तर निबंध पोकळ. शेजारच्या बाईंनी पेरू दिला. खाल्ला.

२८ डिसेंबर

तानुबाई घरी आल्या होत्या, उताऱ्यासाठी. बाबा बाहेर. मला धड बसा म्हणायचंही सुचलं नाही. त्यांची मुलगी इथे अमरावतीत बारावीला आहे. फी माफ होईल म्हणून भरली नव्हती, आता दंडासकट मागतायत.

‘चोपन्न कसे आले वं बाई? तुया समोरच तं मोजलं.’

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या. मी शिकलेली, मला माहीत असेल म्हणून. मी म्हटलं, सगळ्या गावाचं मिळून काढतात काकू. त्यांनी मान हलवली. ‘असन.’

उतारा लिहून दिला. ‘अक्षर मोठं झाक आहे तुयं,’ म्हणाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३ जानेवारी २०१५

पुन्हा लिहिला. पहिलं वाक्य: ‘तो आकडा मी लिहिला.’

संध्याकाळी बाबांना मराठीत वाचून दाखवला. लपवून पाठवणं जमेना. आई भाजी निवडायची थांबली. बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मग म्हणाले:

‘गावाचं नाव नाई ना टाकलं?’

नाही.

‘मायं?’

नाही. पण तलाठ्याची मुलगी म्हटलंय.

‘मंग पाठव.’ उठले, पुन्हा बसले. ‘नवीन लागलो तवा मीबी एकदा नाई म्हटलं होतं बेटा. दोन वर्षं मेळघाटात होतो. तू चार महिन्यांची होती, तुले तापात मी पायलंच नाई. तवापासून हो साहेब. तू निघ इथून.’

इतकी वर्षं मी त्यांना भित्रे समजत होते. आजही समजते. पण आज खूप माया आली.

१० जानेवारी

पाठवला.

२१ फेब्रुवारी

काही नाही. बाबांनी क्लासचं माहितीपत्रक माझ्या उशीजवळ ठेवलंय.

१४ मार्च

फोनवर मुलाखत! गच्चीवर, कारण घरात रेंज नाही. आईने खाली मिक्सर बंद ठेवला. तिघं जण होते. इंग्रजी अडखळलं, मग सुरू झालं. शेवटी एका बाईंनी विचारलं, असा कागद पुन्हा समोर आला आणि त्यात तुमच्याच माणसांचं भलं असलं, तर?

मी म्हटलं, लिहिणार नाही. एका दमात. पलीकडे कोणीतरी ‘गुड’ म्हणालं. खाली आले तेव्हा उंच झाल्यासारखं वाटत होतं.

१७ एप्रिल

निवड झाली. निवड झाली. निवड झाली.

आईने देवापुढे साखर ठेवली. बाबांनी पत्र दोनदा मागून घेतलं, इंग्रजी वाचता येतं तेवढं वाचलं.

२० एप्रिल

पत्राचं दुसरं पान आज नीट पाहिलं. फी आपल्या आवाक्याबाहेर. पूर्ण माफी आहे, पण उत्पन्नाच्या दाखल्यावर, आणि बाबांचा पगार मर्यादेच्या वर. थोडासाच. विद्यापीठाला फोन केला. उत्तर आलं, नियम आहे.

क्लासच्या माहितीपत्रकाची घडी उघडली. एक जूनपासून बॅच.

४ मे

बाबा दुपारीच घरी आले. पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला. दाखला. पालक म्हणून आजोबांचं नाव, धंदा शेती. बाबांच्या पगाराचा उल्लेखच नाही. अहवाल चंद्रभानकाकांचा — बाबांचे दोस्त, आजोबांच्या गावचे तलाठी. शेवटच्या ओळीत लिहिलंय: नापिकीमुळे उत्पन्न अत्यल्प.

मी विचारलं, काकांच्या गावची पैसेवारी किती लागली होती?

बाबा बूट काढत होते. ‘त्रेपन्न.’

मला हसू आलं. मग हसू थांबेना आणि आई पाणी घेऊन धावत आली.

बाबा म्हणाले, ‘नको असन तं फाडून टाक. मी काई म्हननार नाई.’ आणि हातपाय धुवायला गेले. म्हणजे फाडायचंही मीच.

५ मे

दाखला कपाटात. दिवसभरात चार वेळा उघडून पाहिला. तानुबाईंचा चेहरा आठवतो. मग माहितीपत्रक आठवतं. मुलाखतीतल्या बाईंचा आवाजही, त्यांचं तर नावसुद्धा मला माहीत नाही. घरात कोणी काही विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

६ मे

दाखला पाठवायची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत होती. पावणेपाचला कॅफेत पोचले. जुबेरने दाखला स्कॅन करून चढवला आणि विचारलं, ‘करू का पक्कं?’

मी म्हटलं, कर.