डोमळ्याची उंची

नालवाडी, वर्धा
१९ फेब्रुवारी

प्रिय सपना,

आधी बातमी, मग बाकीचं. डोमळा उंच आहे. भिवाईपेक्षा एकतीस सेंटीमीटरनं उंच! काल संध्याकाळी आकडा आला आणि मी लॅबमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या. मग घाबरून सगळं गणित पुन्हा दोनदा केलं.

तू पिपरी मेघेला दुकानाच्या गडबडीत असशील. इतक्या वर्षांनी हिला डोंगर कुठून आठवले, असंही म्हणशील. कॉलेजला उपग्रहांवरून उंची मोजणारी दोन यंत्रं मिळाली. ती वापरून पाहायला जागा हवी होती, आणि मला आष्टीकडच्या त्या दोन डोंगरांशिवाय दुसरं काही सुचेना. तुझ्या गावाचा डोमळा आणि दरीपलीकडच्या गावाची भिवाई, ज्यांच्या उंचीवरून दोन्ही गावं अजून भांडतात. दोन्ही माथ्यांवर एकाच वेळी रात्रभर यंत्रं ठेवायची, म्हणजे फरक अगदी बोटाच्या पेरापर्यंत कळतो.

डोमळ्यावर आमच्या लॅबचे प्रेमदासजी बसले, भिवाईवर मी. खरी अडचण भिवाईवरच होती. जत्रेला येणारा प्रत्येक माणूस अजूनही पायथ्यापासून एक दगड उचलून आणतो आणि माथ्यावरच्या देवीपुढे ठेवतो. रास आता माझ्या कमरेला लागते. खाली पानठेल्यावर एकानं टोमणा मारलाच, "आमचा डोंगर दरसाल वाढून राह्यला मॅडम, तुमच्या मशीनले काय समजते?" मला यंत्राची तिपाई राशीच्या तळाच्या अस्सल खडकावर हवी होती. पूजेचं बघणाऱ्या शकुंतलाबाईंना मी अडखळत विचारलं. त्या म्हणाल्या, "एवढं काऊन भेऊन राह्यली? एका रातीचं काय, हलवू. सकाळी जिथल्या तिथं ठेवजो म्हणजे झालं." मी प्रत्येक दगडावर खडूनं क्रमांक घालू लागले तशा त्या पदर तोंडाला लावून हसल्या, "देवीले पाढे येत नाई वं माय!" तरी मी घातलेच.

इतकं सोपं होतं ते, सपना. नुसतं विचारायचं होतं.

रात्रभर थंडीनं झोप नव्हती. खडकापासून अँटेनापर्यंतची उंची मी तीनदा मोजली, तरी पहाटे शंका आली म्हणून चौथ्यांदा. समोर डोमळ्यावर प्रेमदासजींचा टॉर्च मधूनच हलायचा. कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात त्याच जागी थिओडोलाइटच्या दुर्बिणीला डोळा लावून तू उभी होतीस आणि इकडे भिवाईवर मोजणीची काठी धरून मी. खाली आल्या आल्या तू म्हणालीस, "जया, काठीखाली दगड दिसले मले." तुझं गाव आहे ना, म्हणून दिसतात, असं मी म्हटलं. सरांपुढेही तेच म्हटलं. अहवालात भिवाई उंच ठरली. तुझ्या गावानं मात्र तुलाच धरलं, की शिकाले पाठवली तर पोट्टी आपलाच डोंगर बुटका करून आली. तुझ्या लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी ते उकरून काढलं. तू हसलीस. मी ताटाकडे बघत राहिले.

त्या दिवसाची डायरी काल काढून पाहिली. अर्धं पान भरलंय. चपलेचा अंगठा तुटला, सरांनी शाबासकी दिली, सगळं आहे. दगडांबद्दल एक ओळ नाही. काठी मीच धरली होती, सपना. तिच्याखाली काय आहे ते मला दिसत होतं. देवीचे दगड हलवू का, हे विचारायची मला भीती वाटली आणि नंतर ते कबूल करायची. रोजच्या बारीकसारीक चुका टिपून ठेवणाऱ्या मला ही एक चूक तेवीस वर्षांत लिहिता आली नाही.

आता लिहिली आहे, नव्या अहवालाच्या पहिल्याच पानावर, माझ्या नावानिशी. पण आकडा अजून कुणालाच सांगितलेला नाही. प्रेमदासजी सकाळपासून तीनदा विचारून गेले, शकुंतलाबाईंचे दोन फोन येऊन गेले. रविवारी दहा वाजता तुझ्या गावच्या पारावर तो ऐकायला दोन्ही गावं जमणार आहेत, आणि तो आकडा तिथं मी सांगणं बरोबर नाही. तो तू सांगायचास. त्यासाठीच हे पत्र. मी सातला गाडी घेऊन तुझ्या दाराशी येते. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर वाटेत बोलू नकोस, ते मी समजेन. पारावर मात्र मोठ्यानं बोल. डोमळा उंच आहे, आणि तुला ते तेव्हाच दिसलं होतं.

तुझीच, चुकलेली आणि तरी फार आनंदात असलेली,
जया