मीराबाईच्या पेटीतल्या माझ्या नऊ साड्या

मी, लहानू कवडूजी उंदिरवाडे, वय ६९, धंदा दस्तलेखन (आता बंद), राहणार सावली, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शुगर आहे, पण शुगरने अक्कल जात नाही. कोणी दाब टाकलेला नाही, दारू पाजलेली नाही. तहसीलीसमोर टेबल टाकून छत्तीस वर्षे मी लोकांची मृत्युपत्रे लिहिली. नातेवाईक कुठे फाटे फोडतात ते मला पाठ आहे.

कलम १. मला मूलबाळ नाही. पत्नी मीराबाई तीन वर्षांपूर्वी वारली. मागे उरले ते मयत भावाचा मुलगा कुलदीप, त्याची बायको दीपाली, आणि बहिणीची मुलगी संघप्रिया, जी गडचिरोलीला नर्स आहे.

कलम २. आता मुख्य गोष्ट. लग्नाच्या आधीपासून मी बायकांचे कपडे घालत आलो. घरी दुपारच्या जेवणानंतर दार लावून साडी. बाहेर जाताना अंगात ब्लाउज, त्यावर बनियन, त्यावर सदरा, आरपार दिसू नये म्हणून. सावलीच्या मे महिन्यात हे कसे सोसले ते माझे मला ठाऊक. शेजारच्या टेबलावरचा घनश्याम दर उन्हाळ्यात विचारायचा, "लहानूभाऊ, एवढ्या उन्हात दोन-दोन कपडे काऊन घालता?" मी म्हणायचो, "घाम ओढते." मला त्या कपड्यांत बरे वाटत असे. याहून मोठे कारण माझ्याजवळ नाही, आणि असते तरी कोणाला दिले नसते.

मीराबाईला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी समजले. आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "माह्या साड्या नोका नेसू जी, फाटते. तुमच्या तुमी आना." मग आम्ही जोडीने दुकानात जात असू. दुकानदार तिच्या खांद्यावर टाकून दाखवायचा, मान मी हलवायचो. तिला फिक्के रंग आवडत. गर्द रंगाच्या सगळ्या माझ्या. मात्र मी नेसलो की ती परसात निघून जायची. चाळीस वर्षांत एकदाच तिने माझ्या निऱ्या सारख्या केल्या, जांभळ्या साडीच्या. "पदर आखूड झाला," म्हणाली. तेवढ्यावर मी समाधान मानले. मानायला नको होते. दोघांच्या साड्या एकाच पेटीत ठेवल्या, ही दुसरी चूक.

कलम ३. मीराबाईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरच्या बायकांनी रीतीप्रमाणे तिची पेटी उघडली आणि साड्या वाटून घेतल्या. सतरा होत्या. त्यातल्या नऊ माझ्या. दीपाली जांभळी उलगडून म्हणाली, "बापा! काकूनं एवढी भारी साडी कवा घेतली? नेसलेली तं कदी दिसली नाई." मी म्हणालो, पेटी राहू द्या. त्यावर कुलदीप सगळ्यांसमोर बोलला, "ठेवून काय करता काकाजी? तुमी नेसता का?"

सारे हसले. मीही हसलो. बायको जाऊन दहा दिवस झाले होते आणि मी हसलो. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

मीराबाई काडीसारखी बारीक होती. पेटीतले नऊ ब्लाउज चाळीसच्या मापाचे. तेव्हा एकीलाही शंका आली नाही. दीपालीने तिच्या वाट्याचे ढगळ म्हणून फाडले, पोछे केले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच घरची फरशी माझ्याच ब्लाउजने पुसली. मी खाटेवर पाय वर घेऊन बसलो होतो.

तेव्हापासून लग्नात, जयंतीला माझ्या साड्या माझ्यासमोरून जातात. "काकाजी, कशी दिसते?" असे दीपाली विचारते. चांगली दिसते. म्हणून तर घेतली होती. मी नवीन आणली नाही. एकट्या पुरुषाला दुकानदार विचारतो, कोणासाठी?

कलम ४. संघप्रियाच्या वाट्याला मोरपंखी साडी गेली होती, ब्लाउजसकट. महिन्याभराने ती तो ब्लाउज पेपरात गुंडाळून घेऊन आली. "मामाजी, हा मामीच्या मापाचा नाई."

"शिंप्याची चूक," मी म्हणालो.

ती माझ्या खांद्यांकडे बघत राहिली. "शिंप्याची नाई," म्हणाली. ब्लाउज खाटेवर ठेवला आणि चहा पिऊन गेली. साडी परत दिली नाही, आवडली असेल. माझ्याजवळ तो एकच ब्लाउज उरला आहे. हे लिहिताना अंगात आहे.

कलम ५. नऊ साड्या ज्या बायकांजवळ आहेत, त्यांपैकी जांभळी सोडून बाकीच्या मी त्यांना आज देत आहे. आजपर्यंत दिलेल्या नव्हत्या. यापुढे त्या नेसताना "काकूची आठवण" म्हणू नये. काकूचा त्यांच्याशी संबंध नव्हता.

कलम ६. राहते घर. मी गेल्याबरोबर, आंघोळ घालण्याच्या आधी, संघप्रियाने हे मृत्युपत्र सर्वांसमोर मोठ्याने वाचावे; प्रत तिच्याजवळ बंद पाकिटात देऊन ठेवत आहे. नंतर रीतीप्रमाणे पांढरे कापड घालावे आणि त्यावर जांभळी साडी पसरावी. आत नको, वर. आत घालणे पुष्कळ झाले. साडी दीपालीच्या वाट्याला गेली आहे, ती तिने स्वतः आणावी, आणि कुलदीपने चार लोकांत म्हणावे, "ही साडी काकाजीची हाये." एवढे म्हटले तर घर त्या दोघांचे. न म्हटले तर संघप्रियाचे. कुलदीपला वाक्य जड जाईल. ओसरी मात्र त्याने मी खाटेवर बसलेला असताना टेप लावून दोनदा मोजली आहे.

कलम ७. कुलदीप, तू विचारले होतेस, तुमी नेसता का. त्या दिवशी उत्तर द्यायचे राहून गेले. होय, नेसतो.

ठिकाण: सावली
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५
सही: लहानू कवडूजी उंदिरवाडे

साक्षीदार:
१. घनश्याम बाबूराव गुरनुले, दस्तलेखक, सावली
२. सुरेंद्र मारोती भोयर, सावली

दोघांनीही वाचून, माझ्या डोळ्यांसमोर सह्या केल्या. सही करण्याआधी घनश्याम म्हणाला, "लहानूभाऊ, सातवं कलम खोडून टाका ना. लोक हासतीन."

मजकुरात कोठेही खाडाखोड केलेली नाही.