पुढची पाळी आमच्या घराची

प्रिय आक्का,

सप्रेम सलाम. फोनवर तुला हल्ली नीट ऐकू येत नाही आणि ते तू कबूलही करत नाहीस. काहीही सांगितलं तरी 'हो हो, कळलं' म्हणतेस. मागच्या वेळी मी सांगितलं की हिचे गुडघे फार दुखतात, उठताबसता धरावं लागतं, तर तू म्हणालीस, 'वा, छान झालं.' ही शेजारीच उभी होती. दिवसभर मला ऐकवत होती, तुझ्या बहिणीला बरं छान वाटलं म्हणून. तेव्हा ठरवलं की आता पत्रच लिहायचं. शिवाय काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत.

येत्या शुक्रवारी आम्ही इथून निघतो. पुढे महिनाभर मिशनच्या मुख्य कचेरीत राहून सगळा कारभार सोपवायचा आणि मग तुझ्याकडे. त्याआधी हे पत्र तुला नक्की मिळेल. एकोणीस वर्षांचं घर आवरायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, पंधरा दिवस लागतील. दोन दिवसांत उरकलं. आपलं म्हणावं असं घरात फार काही नव्हतंच. कपाट मिशनचं, पलंग मिशनचे, भांडी निम्मी शेजाऱ्यांची निघाली आणि आपली निम्मी शेजाऱ्यांकडे. कोणती कोणाची हे कोणालाच आठवेना, तेव्हा जिथे आहेत तिथेच राहू दिली.

तू आमच्यासाठी मागची खोली रंगवून घेतलीस, ठकीसाठी खिडकीशी टेबल मांडलंस, तिच्यासाठी ते शाळामास्तरांचं स्थळ पाहून ठेवलंस, हे सगळं मी घरी वाचून दाखवलं. ठकी हसली. तू माझ्या लेकीला तान्हेपणी ठेवलेलं हे नाव इथेही सगळ्या गल्लीच्या तोंडी बसलं आहे. बायका कळा देताना 'ठकीला बोलवा' म्हणतात, तेव्हा मला वाटतं, लाकडी बाहुलीचं हे नाव कुठल्या कुठे जाऊन पोचलं.

आमची मोठी खोली तू फोटोत पाहिली आहेस, पण तिचा वास फोटोत येत नाही. सोमवार ते शनिवार तो हिचा दवाखाना. भिंतीला लागून बाकं, त्यांवर पोटुशा बायका आणि त्यांच्या सासवा, पडद्यामागे बाळंतपणाच्या दोन खाटा. शनिवारी संध्याकाळी बाकं अंगणात काढून धुवायची, फरशी फिनेलने पुसायची, आणि रविवारी सकाळी तिथेच उपासना. त्यामुळे इथल्या पोरांची अशी समजूत आहे की देवाच्या अंगाला फिनेलचा वास येतो. मी कधी ती दुरुस्त केली नाही. याहून वाईट वासाचे देव लोकांनी पाहिले असतील.

बाळंतपण काही वार बघून येत नाही. उपासना चालू असताना पडद्यामागे कोणी कण्हायला लागली की ही गाणं अर्धवट सोडून उठायची आणि आम्ही हलक्या आवाजात पुढे चालू ठेवायचो. एकदा मी डोळे मिटून लांबलचक प्रार्थना करत होतो. तेवढ्यात पडद्यामागून बाळाचा पहिला टाहो आला आणि अख्खी मंडळी एका सुरात 'आमेन' म्हणाली. माझी प्रार्थना तिथेच संपली. त्यापुढे म्हणण्यासारखं माझ्याकडे तरी काही नव्हतं.

आमच्या जागी उपासना आता आमचा शिंपी चालवणार. तुला मागे लिहिलं होतं तो, ज्याने पहिल्याच भेटीत माझ्याकडे नखशिखांत पाहून सांगितलं होतं, 'तुमचा एक खांदा खाली आहे.' आरशात पाहिलं तर खरंच. तो सुरुवातीला मागच्या बाकावर, दाराजवळ बसायचा, लवकर सटकता यावं म्हणून. मग हळूहळू एकेक बाक पुढे आला. आता तो उभा राहून बोलतो तेव्हा मी मागच्या बाकावर बसतो. त्याला माझ्यासारखं पल्लेदार बोलता येत नाही, पण तो थांबावं तिथे थांबतो. मला ते एवढ्या वर्षांत जमलं नाही. त्याला बोलताना पाहून छाती भरून येते, आक्का. आपण लावलेलं झाड म्हणावं तर तेही खोटं. झाड त्याचं त्याने वाढवलं, मी फक्त त्याच्या बाकावर जागा धरून ठेवली.

तेव्हा उपासनेची काळजी नव्हती. काळजी होती खाटांची. मिशनच्या कचेरीतून एक गृहस्थ आले होते, तरुण, गोड बोलणारे. त्यांनी सांगितलं की इथे यायला कोणी नर्स तयार होत नाही. तुम्ही सगळे गेलात की प्रसूतीची खोली बंद करावी लागेल, सामान ठेवायला कामी येईल. शिंपी तिथेच होता. तो म्हणाला, 'सामान आम्ही घरी ठेवू साहेब. बायकांना कुठे ठेवू?' गृहस्थांनी नदीकडे बोट दाखवलं. नदीपलीकडे मोठा दवाखाना आहे, पण पूल लांब, आणि कळा सुरू झालेल्या बाईला त्या रस्त्याने नेणं म्हणजे काय ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्या दिवसापासून आमच्या बाकांवरच्या बायका बोटांवर दिवस मोजायला लागल्या. एकीचे दिवस भरत आले होते. हिने तपासल्यावर ती विचारायची, 'तुम्ही जायच्या आत होईल ना?' जणू ते हिच्या हातात होतं.

ठकीबद्दल आम्ही धरूनच चाललो होतो की ती आमच्याबरोबर येणार. नदीपलीकडे नर्सिंग शिकली, मग आईच्या हाताखाली राबली, पण तिला आम्ही इथे चार वर्षांची असताना आणलं ते तिला विचारून नव्हतं. आता तरी तिने आपल्या माणसांत यावं, असं मला वाटायचं. तुझ्या पत्रांतून तिच्यासाठी मांडलेलं ते टेबल मला रोज दिसायचं. तिला फार विचार पडला की ती कामाचा सपाटा लावते, हे तिने कोणाकडून उचललं ते मी तुला सांगायला नको. त्या दोन आठवड्यांत तिने पडदे उकळून धुतले, खाटांना रंग दिला, कैच्या, चिमटे लख्ख घासले. मी आपला समजत होतो, जाणाऱ्याने घर स्वच्छ करून द्यावं तसं करते आहे.

गेल्या रविवारी निरोपाची उपासना झाली. बसायला जागा नव्हती. कधी आत न आलेलेही खिडक्यांतून डोकावत होते. शिंप्याने माझ्यासाठी कोट शिवला होता. अंगात घातला तर दोन्ही खांदे सारखे दिसायला लागले. तो म्हणाला, 'आत थोडा कापूस आहे, कोणाला सांगू नका,' आणि हे त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. मी चार शब्द बोललो. रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते जमलंही, पण त्या नादात दुसरंच होऊन बसलं. दर रविवारी शेवटी मी एक सूचना करतो: येत्या शनिवारी बाकं धुवायची पाळी कोणाच्या घराची. घराघराने ती फिरते. एवढ्या वर्षांची सवय. आशीर्वाद दिला, आणि तोंडातून आपोआप गेलं, 'येत्या शनिवारची पाळी आमच्या घराची.'

सगळे माझ्याकडे बघत राहिले. शुक्रवारी निघालेला माणूस शनिवारी बाकं कशी धुणार? कोणीतरी फिसकन हसलं, मग हसू खोलीभर पसरलं, आणि मलाही हसू आलं. शिंपी अर्धा उठला. पाळी मी घेतो, असं म्हणायच्या बेतात होता. तेवढ्यात मागून, पडद्याच्या कडेला उभ्या असलेल्या ठकीने हात वर केला. दर वेळी आमच्या घराची पाळी आली की ती करते तसाच. म्हणाली, 'बरोबर आहे बाबांचं. पाळी आमच्याच घराची आहे. मी आहे ना.' आणि एवढ्यावर न थांबता, 'पुढे फिरून आली की तेव्हाही.'

हसू कुठल्या कुठे गेलं. ती दिवस भरत आलेली बाई पुढच्या बाकावर होती. तिने पदराने तोंड झाकलं आणि तिच्या सासूने ठकीकडे नुसते हात जोडले. निरोपाला आलेले कचेरीतले गृहस्थ उठून उभे राहिले आणि का उभे राहिलो हे न कळून पुन्हा बसले. मी हिच्याकडे पाहिलं. हिला काहीच आश्चर्य वाटलेलं नव्हतं. नाडी मोजायचं हिचं मनगटी घड्याळ ठकीच्या हातात होतं आणि ते आठवडाभर तिथेच होतं, हे मला तेव्हा दिसलं. घरात सगळ्यात शेवटी कळतं ते मला, ही काही नवी गोष्ट नाही. पण आक्का, त्या क्षणी मला माझ्या आयुष्यात कधी वाटला नव्हता एवढा अभिमान वाटला. माझ्या पोरीचा तर वाटलाच, पण तिने हात वर केल्यावर शिंप्यापासून पोराटोरांपर्यंत ज्या मंडळींची मान ताठ झाली त्यांचाही. गृहस्थांनी जायच्या आत लिहून दिलं की खोली चालू राहील. शिंप्याने त्यांच्याही खांद्याकडे एकदा पाहून घेतलं.

जेवणं झाल्यावर ठकी आणि मी बाकं परत जागेवर लावत होतो. मी विचारलं, 'एकटी राहशील? तुझ्या आत्याने केवढी तयारी केली आहे.' तिने बाक खाली ठेवलं आणि म्हणाली, 'बाबा, मला आत्यानेच राहायला सांगितलं आहे. तिला ते माहीत नाही, एवढंच.' आणि मग मागच्या वेळी आम्ही सगळे घरी आलो होतो तेव्हा एका दुपारी तांदूळ निवडताना तू तिला जे सांगितलंस, ते तिने मला सांगितलं. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. म्हणाली, 'बाबांना सांगायचं नाही, असं आत्याने वचन घेतलं होतं. आज मोडते.' तू तिच्यावर रागावू नकोस.

हे पत्र त्यासाठी आहे, आक्का. मी पाळण्यात असताना आई तापाने गेली, असं तू मला जन्मभर सांगत आलीस आणि मी ते धरून चाललो. शाळेत घालताना तू मास्तरांना माझी जन्मतारीख अंदाजाने लावायला का सांगितलीस, हे मला आता कळलं. माझ्या जन्माचा आणि आईच्या जाण्याचा, हे दोन दिवस वेगळे नव्हतेच. वडील कामाच्या गावी, आईला कळा सुरू झालेल्या, आणि तू अकरा वर्षांची पोर भर उन्हात दवाखान्यापर्यंत पळत गेलीस. दार बंद होतं. नर्स रजेवर होती. तू वाजवत राहिलीस आणि मग कोणीतरी येईल म्हणून त्या दाराशीच बसून राहिलीस. परत आलीस तेव्हा शेजारच्या काकूच्या मांडीवर मी होतो. आपण बसून राहिलो हे तू स्वतःला कधी माफ केलं नाहीस, असं ठकी म्हणते. आणि आपल्यामुळे आई गेली असं माझ्या मनात कधी येऊ नये म्हणून तू हे सगळं एकटीने पोटात ठेवलंस. आक्का, तू कसलाही गुन्हा केला नव्हतास. दार उघडणं हे अकरा वर्षांच्या मुलीचं काम नव्हतं. ते आत असणाऱ्याचं काम होतं. ठकी बाक पुसता पुसता म्हणाली, 'आत्या जिथे बसली होती ना, ते दार माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. इथलं दार कोणी वाजवलं आणि आत कोणी नाही, असं मी होऊ देणार नाही.' तेव्हा स्थळवाल्या मास्तरांच्या घरी निरोप कळव, त्यांना म्हणावं मुलीला जागा सोडता येत नाही. टेबल खिडकीशीच राहू दे, ती सुट्टीवर येईल. आम्हाला घ्यायला आलीस तर दोघांनाच शोध. आणि मी आल्यावर, एखाद्या दुपारी, तांदूळ घेऊन बसू. आईचं मला तुझ्या तोंडून सांग. ऐकण्याएवढा मोठा मी आता झालो आहे.

तुझाच, तू वाढवलेला,
धाकटा